आइस हॉकीची नोकरी, उपचाराच्या टेबलाशेजारून

कॅनडातल्या मिसिसागाच्या एका ताईंचा प्रश्न थोडक्यात असा: मुलगा चौदा वर्षांचा, ट्रिपल-ए (मुलांच्या हॉकीतली सगळ्यात वरची पातळी) संघात डिफेन्समन, म्हणजे बचावपटू. पुढचा मोसम संपला की ओएचएलचा, म्हणजे ऑन्टारियो प्रांतातल्या ज्युनियर लीगचा, ड्राफ्ट: संघ आळीपाळीने मुलं निवडतात. प्रशिक्षक म्हणतात, साध्या शाळेतून काढा आणि बारा महिने बर्फ मिळेल अशा हॉकी अकादमीत घाला. नवरा म्हणतो, हे खूळ आता पुरे. व्यावसायिक आइस हॉकी खेळाडूचं आयुष्य प्रत्यक्षात असतं कसं, पैसे किती, वर्षं किती, शेवट कसा होतो, एनएचएलला (जगातल्या सगळ्यात वरच्या लीगला) पोचायची शक्यता किती, आणि आपल्यासारख्यांच्या मुलांना तिथं जागा आहे का?

ताई, आधी माझी लायकी सांगतो. मी खेळाडू नव्हे. मिरजेत फिजिओथेरपी शिकलो, १९९९ साली ऑन्टारियोत आलो, इथल्या परीक्षा नव्याने दिल्या आणि पुढची वीस वर्षं आधी ज्युनियर, मग मायनर प्रो, म्हणजे एनएचएलच्या खालच्या व्यावसायिक, संघांबरोबर काढली. कुणी पडलं आणि उठलं नाही की मला बर्फावर जावं लागायचं. तेव्हाही दोन खेळाडू मला दोन्ही दंडांना धरून न्यायचे, नाहीतर मीच दुसरा पेशंट झालो असतो. पण टेबलावर पडलेला माणूस जे बोलतो ते तो प्रशिक्षकाशी, एजंटशी, कधीकधी बायकोशीही बोलत नाही. माझं सगळं ज्ञान त्या टेबलावरचं.

तुमच्या प्रश्नात एनएचएल आहे, तिच्या लगेच खालची लीग एएचएल नाही. उत्तर मी तिथूनच सुरू करतो.

एनएचएलचे संघ ३२. संघाच्या यादीत जास्तीत जास्त २३ जण, त्यातले २० सामन्याला उतरतात. गुणाकार केला तर या नोकऱ्या अख्ख्या जगात सातशेच्या थोड्या वर. त्यावर डोळा ठेवून कॅनडा आहे, अमेरिका आहे, स्वीडन, फिनलंड, रशिया, चेकिया आहेत. दरवर्षी ड्राफ्टच्या ७ फेऱ्यांत २२४ मुलं निवडली जातात, संघाची टोपी घालून फोटो काढतात, आणि त्यातल्या बऱ्याच जणांचा एनएचएलशी संबंध त्या टोपीपुरताच राहतो. पण म्हणून ती पोरं घरी बसत नाहीत. खाली एएचएल आहे. तिथंही संघ ३२, एनएचएलच्या एकेका संघाला जोडलेले. त्याच्या खाली ईसीएचएल. पलीकडे युरोपातल्या लीग. हॉकीवर पोट भरणारी माणसं मोजायला बसलात तर बहुतेक सगळी इथं सापडतात.

तेव्हा "एनएचएलला पोचेल का" हे मला विचारू नका. चौदाव्या वर्षी ते कुणालाच सांगता येत नाही. जो सांगतो त्याला तुम्हाला काहीतरी विकायचं असतं. "चोविसाव्या वर्षी एएचएलमध्ये, तिसऱ्या, म्हणजे शेवटच्या, जोडीतला डिफेन्समन म्हणून, रात्री दोनला बसमध्ये कोंबडीचा थंड तुकडा खाताना तो खूश असेल का" हे विचारा. त्याचं उत्तर तुम्हाला आजही थोडंफार माहीत असेल.

ही नोकरी दिसते कशी, ते एका शनिवारावरून सांगतो. फेब्रुवारी महिना. एएचएलचा मोसम ७२ सामन्यांचा, आणि प्रेक्षक सुट्टीच्या दिवशी येतात म्हणून शुक्रवार, शनिवार, रविवार असे सलग तीन सामने लागतात. त्यातला दुसरा नुकताच संपलेला. टेबलावर सत्तावीस वर्षांचा डिफेन्समन. शॉट अडवताना पक डाव्या पावलावर बसला होता. पक म्हणजे १७० ग्रॅम टणक रबर, आणि बर्फावर उसळू नये म्हणून सामन्याआधी तो गोठवलेला असतो. पाऊल टम्म सुजलेलं. मी बर्फाची पिशवी प्लास्टिकच्या पट्टीने गुंडाळत होतो, तेवढ्यात प्रशिक्षक दारातून डोकावला, बोट वर करून म्हणाला, "सकाळी सातचं विमान." वर म्हणजे एनएचएल. वरच्या संघातलं कुणीतरी जखमी झालं होतं. हा ताडकन उठून बसला. पहिला प्रश्न मला: "बूट जाईल ना पायात?" दुसरा फोनवर बायकोला: पोराचा वाढदिवस बुधवारी आहे की गुरुवारी?

नऊ दिवस तो वर होता. एकही सामना खेळला नाही. सकाळी सराव करायचा आणि संध्याकाळी सूट घालून माळ्यावरच्या पत्रकार कक्षात बसायचं, याला हेल्दी स्क्रॅच म्हणतात. म्हणजे धडधाकट, पण नको असलेला. दहाव्या दिवशी परत माझ्या टेबलावर. मी विचारलं, कसं होतं? म्हणाला, "जेवण फार छान असतं रे तिथं."

आता त्या नऊ दिवसांचा हिशोब बघा. एनएचएलचा किमान पगार २०२५-२६ मोसमात वर्षाला ७,७५,००० अमेरिकन डॉलर. पगार दिवसावर मोजतात, मोसम साधारण १९० दिवसांचा, म्हणजे यादीत नुसतं नाव असलं तरी दिवसाला चार हजार. अशा खेळाडूंचा करार सहसा टू-वे असतो: वर असलास तर हा दर, खाली असलास तर तो. खालचा दर समजा मोसमाला ऐंशी-नव्वद हजार. म्हणजे नऊ दिवस माळ्यावर बसून त्याने खालच्या मोसमाच्या चाळीस टक्के पैसे कमावले. सुजलेला पाय बुटात का कोंबला जातो, ते कळलं ना? तो निघाला तेव्हा मी त्याला "नको जाऊस" म्हणालो नव्हतो. म्हणायला हवं होतं का, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

पावणेआठ लाख हा आकडा ऐकून तुमच्या भावकीत गडबड उडेल, म्हणून पुढचंही सांगतो. कर कापून निम्म्याच्या आसपास हातात येतात. एजंटचे तीन-चार टक्के. शिवाय एस्क्रो नावाची भानगड आहे: हॉकीच्या उत्पन्नाचा निम्मा वाटा खेळाडूंचा असं करारात ठरलेलं, म्हणून पगारातला काही भाग आधीच बाजूला काढून ठेवू शकतात आणि वर्षाअखेर हिशोब जुळला नाही तर तो परत येत नाही. आणि हे सगळं किती वर्षं? एनएचएलमधली सरासरी कारकीर्द पाच वर्षांच्या आसपास धरतात. पॅट्रिक मार्लो १७७९ सामने खेळला आणि २०२१ मध्ये त्याने गॉर्डी हौचा १७६७ चा विक्रम मोडला, हे खरंच. पण हौ बावन्नाव्या वर्षापर्यंत खेळला म्हणून आपला पोरगा खेळेल असं धरून घराचं कर्ज काढत नाहीत. ईसीएचएलमध्ये तर पगार आठवड्याला काही शे डॉलर, वर राहायला खोली. तिथली मुलं उन्हाळ्यात छपरं घालतात, गवत कापतात, लहान मुलांना स्केटिंग शिकवतात.

दुसरं टोकही सांगायला हवं. किरिल काप्रिझोव्हने २०२५ च्या सप्टेंबरात मिनेसोटाशी ८ वर्षांचा, १३ कोटी ६० लाख डॉलरचा करार केला. वर्षाला १ कोटी ७० लाख. हाच काप्रिझोव्ह २०१५ च्या ड्राफ्टमध्ये पाचव्या फेरीत, १३५ वा निवडला गेला होता. त्याच्या आधी १३४ जणांची नावं पुकारली गेली. आपण ज्यांना तज्ज्ञ समजतो त्या स्काउट, म्हणजे खेळाडू हेरणाऱ्या, लोकांना अठराव्या वर्षीचा मुलगा एवढाच कळतो. चौदाव्या वर्षीचा किती कळत असेल?

याच संदर्भात एक गोष्ट, जी ट्रिपल-एच्या पालकांना कुणी समोर बसवून सांगत नाही. मुलगा कोणत्या महिन्यातला आहे? कॅनडात वयोगट १ जानेवारीपासून मोजतात. रॉजर बार्न्सली या कॅनेडियन मानसशास्त्रज्ञाने १९८० च्या दशकात दाखवून दिलं की वरच्या पातळीच्या हॉकीत वर्षाच्या पहिल्या तिमाहीत जन्मलेल्यांची गर्दी असते आणि शेवटच्या तिमाहीतले तुरळक. कारण साधं. आठ-नऊ वर्षांचा जानेवारीचा मुलगा डिसेंबरच्या मुलापेक्षा चांगलाच उंच असतो, निवडला जातो, त्याला चांगला प्रशिक्षक आणि जास्त बर्फ मिळतो, आणि पाच वर्षांनी तो खरोखरच सरस होतो. तुमचा मुलगा नोव्हेंबरचा असून आज ट्रिपल-एत टिकला असेल तर ते मोठं शुभचिन्ह आहे. त्यात एनएचएलच्या ड्राफ्टची रेघ १५ सप्टेंबरची. त्या तारखेपर्यंत अठरा पूर्ण झाले तर त्या वर्षी पात्र, नाहीतर पुढच्या. म्हणजे नोव्हेंबरच्या मुलाला ज्युनियरमध्ये वाढायला एक वर्ष फुकट मिळतं.

आता ओएचएल. ड्राफ्टमध्ये तीनशेच्या आसपास मुलं निवडली जातात. निवड झाली म्हणजे जागा मिळाली असं नाही, सराव शिबिराला बोलावणं आलं इतकंच. जागा मिळाली तर सोळाव्या-सतराव्या वर्षी पोरगा घर सोडतो, परक्या गावात एका कुटुंबाकडे राहतो (बिलेट म्हणतात, बहुतेक फार मायाळू असतात, पण पहिल्या महिन्यात वरणभाताची आठवण काढून रडणारी पोरं मी पाहिलीत), ६८ सामने खेळतो आणि मधल्या वेळात शाळा करतो. लीगमध्ये जितके मोसम खेळाल तितक्या वर्षांची कॉलेजची फी मिळण्याची सोय करारात असते. तिच्या अटी नीट वाचा, विशेषतः व्यावसायिक करार केल्यावर तिचं काय होतं आणि किती दिवसांत ती वापरावी लागते.

मोठी गोष्ट वेगळीच आहे. अगदी परवापर्यंत ओएचएलमध्ये खेळलेल्या मुलाला अमेरिकन कॉलेज हॉकीचं दार बंद व्हायचं. पंधरा-सोळा वर्षांच्या पोराला आणि त्याच्या आईबापांना आयुष्यभराचा निर्णय घ्यावा लागायचा. त्यावरून घराघरांत झालेली भांडणं मी ऐकलीत. नोव्हेंबर २०२४ मध्ये एनसीएएने (अमेरिकन कॉलेज खेळांची संघटना) तो नियम बदलला आणि १ ऑगस्ट २०२५ पासून ज्युनियरचे खेळाडू कॉलेजात खेळू लागले. गॅव्हिन मॅकेना हा त्याच्या पिढीतला सगळ्यात गाजलेला मुलगा वेस्टर्न लीगमधून (पश्चिम कॅनडातली ज्युनियर लीग) थेट पेन स्टेट या अमेरिकन विद्यापीठात गेला. म्हणजे तुमच्या मुलापुढे आता दोन वाटा नाहीत, एकच लांब वाट आहे आणि तिला मधे फाटे आहेत. अठराव्या वर्षी जमलं नाही तर चोविसाव्या वर्षापर्यंत कॉलेजात खेळून, पदवी हातात घेऊन प्रो होता येतं. डिफेन्समन तसेही उशिरा पिकतात. हा बदल तुमच्या नवऱ्याला जरूर सांगा. त्यांचा निम्मा राग मावळेल.

आपली मुलं. आमच्या मिरजेच्या आत्याला मी फोनवर "हॉकी संघात आहे" म्हटलं की ती अजून धनराज पिल्लेचीच चौकशी करते, आणि मी हो-हो करतो. एनएचएलमध्ये भारतीय वंशाचा पहिला खेळाडू रॉबिन बावा, ब्रिटिश कोलंबियाचा पंजाबी. १९८९ मध्ये वॉशिंग्टनकडून उतरला, एकूण ६१ सामने खेळला. पुढे जुझार खैरा आला. पण तुम्ही मॅनी मल्होत्राचं नाव लक्षात ठेवा, एकतर तो तुमच्या मिसिसागाचाच. वडील भारतात जन्मलेले, आई फ्रेंच कॅनेडियन. १९९८ च्या ड्राफ्टमध्ये न्यूयॉर्क रेंजर्सनी त्याला सातव्या क्रमांकावर घेतलं. सातवा म्हणजे गोलांचा पाऊस पाडेल अशी अपेक्षा. तो पाऊस काही पडला नाही. दुसरा कुणी असता तर चार वर्षांत "वाया गेलेला ड्राफ्ट" या यादीत जमा झाला असता. मल्होत्राने काय केलं? फेसऑफ जिंकायची कला घोटून घेतली. पंच पक टाकतो त्या क्षणी दोघांनी स्टिकने तो आपल्याकडे ओढायचा, एवढंसं काम. त्यात आणि संघाचा एक माणूस शिक्षेत बसलेला असताना बचाव करण्यात तो इतका तरबेज झाला की एकूण ९९१ सामने खेळला. मार्च २०११ मध्ये व्हँकुव्हरकडून खेळताना पक डाव्या डोळ्यावर बसला, शस्त्रक्रिया झाल्या, दृष्टी पुरती परत आली नाही. तरी जूनमध्ये स्टॅन्ली कपच्या, म्हणजे एनएचएलच्या विजेतेपदाच्या, अंतिम लढतीत तोंड पूर्ण झाकणारं कवच लावून हजर. फेसऑफ हे डोळ्याचं काम आहे, हे लक्षात घेऊन वाचा. पुढे तो प्रशिक्षक झाला आणि २०२५ मध्ये त्याच्या अ‍ॅबट्सफर्ड संघाने एएचएलचा कॅल्डर कप जिंकला.

त्याच संघात अर्शदीप बैन्स होता. ब्रिटिश कोलंबियातल्या सरेचा मुलगा, ड्राफ्टमध्ये कुणीच घेतला नाही. वीस-एकविसाव्या वर्षी, म्हणजे ज्युनियरच्या अगदी शेवटच्या मोसमात, त्याने वेस्टर्न लीगमध्ये सगळ्यात जास्त ११२ गुण (स्वतःचे गोल आणि गोलाला केलेली मदत मिळून) केले, तेव्हा व्हँकुव्हरने करार दिला, आणि २०२४ मध्ये तो एनएचएलच्या बर्फावर उतरला. मराठी आडनाव पाठीवर असलेला एनएचएल खेळाडू मी अजून पाहिलेला नाही. रंगावरून, डब्यावरून टोमणे आजही होतात, विशेषतः चौदा ते सतरा वयात. पूर्वीपेक्षा कमी, पण होतात. तुमचा मुलगा सांगत नसेल म्हणजे होत नाहीत असं समजू नका.

मल्होत्राची गोष्ट इतकी लांबवली ती मुद्दामच. माझ्या टेबलावरून जी माणसं दहा-दहा वर्षं टिकली ती सगळ्यात गुणी होती असं अजिबात नाही. लहानपणापासून प्रत्येक संघात पहिल्या नंबरचा असलेला मुलगा जेव्हा पहिल्यांदा ऐकतो की तुझं काम आता रोज आठ मिनिटं, पक अडवायचा, अंगावर घ्यायचा आणि पंचेचाळीस सेकंदांत बाकावर परत यायचं, तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर जे होतं त्यावरून मला बऱ्याचदा पुढचं कळायचं. काहीजण खांदे पाडतात. काहीजण विचारतात, "कोणत्या बाजूचे शॉट जास्त येतात?" दुसऱ्या जातीचे टिकतात. तुमच्या मुलाला प्रशिक्षकाने पॉवर प्लेमधून (समोरचा एक माणूस शिक्षेत असताना गोल करायला उतरवलेल्या गटातून) काढलं होतं तेव्हा गाडीत घरी येताना तो काय बोलला, आठवून बघा.

आता माझा खरा विषय, शरीर. इथं मी जरा रेंगाळणार.

तुमच्या मुलाला पलंगावर उताणा झोपवा. एक गुडघा पोटाकडे घेऊन काटकोनात ठेवा. मांडी हलू न देता घोटा हळूच बाहेरच्या बाजूला न्या. अशाने मांडीचं हाड खुब्यात आतल्या बाजूला वळतं. या वयात ते तीस-चाळीस अंश सहज वळायला हवं. माझ्याकडे सोळा वर्षांची मुलं येतात, त्यांचं पंधरावर अडतं आणि जांघेत टोचतं. स्केटिंगचा प्रत्येक ढकला पाय बाहेर फेकतो, मग तो वाकून आत येतो. चालण्या-पळण्यात खुब्याला हा प्रकार ठाऊकच नाही. हाड वाढत असतानाच्या वयात, साधारण बारा ते सोळा, हे वर्षाला बारा महिने केलं तर मांडीच्या हाडाच्या मानेवर एक उंचवटा तयार होऊ शकतो. तो खुब्याच्या कडेला घासतो, तिथली गादी फाटते. गोली, म्हणजे गोलरक्षक, गुडघे आत घेऊन बर्फावर बसतात, त्यांचे हाल तर विचारूच नका. शस्त्रक्रिया होतात, लोक परत खेळतात, पण ते खुबे पुन्हा नवे होत नाहीत.

म्हणून "बारा महिने बर्फ" हे ऐकलं की माझ्या कपाळावर आठी पडते. एप्रिल ते जुलै मुलाला स्केटच्या बुटांपासून लांब ठेवा. लॅक्रॉस (जाळीच्या काठीने चेंडू झेलायचा-फेकायचा खेळ), फुटबॉल, पोहणं, काहीही. ग्रेट्झ्की उन्हाळ्यात बेसबॉल आणि लॅक्रॉस खेळायचा. त्याचं काही बिघडलं नाही.

डोक्याचं मात्र थोडक्यात आणि स्पष्ट. हॉकी कॅनडाने २०१३ मध्ये तेराच्या आतल्या गटांतून बॉडीचेकिंग, म्हणजे अंगाने धडक देणं, काढून टाकलं, ते योग्य केलं. ऑन्टारियोत रोवनचा कायदा २०१८ पासून आहे: डोक्याला मार लागल्याची शंका जरी आली तरी मुलाला बाहेर काढायचं आणि डॉक्टरांनी लिहून दिल्याशिवाय परत पाठवायचं नाही. कायदा आहे, पण दुसऱ्या पिरियडमध्ये दोन-दोन अशी बरोबरी असताना कायदा बाकावर बसलेला नसतो. एका ज्युनियर संघात असताना सतरा वर्षांच्या एका मुलाला बोर्डवर, म्हणजे रिंकच्या कडेच्या भिंतीवर, धडक बसली. उठला, बाकावर आला, मी विचारलं आपण कुठं खेळतोय? त्याने मागच्या आठवड्यातल्या गावाचं नाव सांगितलं. प्रशिक्षक म्हणाला, दोन शिफ्ट (बर्फावरच्या पाळ्या) बसव, मग बघू. वाद घालण्यात अर्थ नव्हता. मी मुलाचं हेल्मेट काढून घेतलं, माझ्या बॅगेत घातलं आणि बॅगेवर बसलो. हेल्मेटशिवाय बर्फावर जाता येत नाही. ही आमच्या धंद्यातली जुनी युक्ती आहे. मोसम संपल्यावर त्या संघाने माझा करार वाढवला नाही. कारण दिलं नाही, मीही विचारलं नाही. तो मुलगा आज शाळेत शिक्षक आहे, दिवाळीला मेसेज करतो.

डेरेक बूगार्ड मारामारीसाठी ठेवलेला खेळाडू होता. २०११ मध्ये अठ्ठाविसाव्या वर्षी गेला, मेंदू तपासला तर वारंवार बसलेल्या माराने होणारा सीटीई हा आजार सापडला. तसले खेळाडू आता जवळपास संपलेत, हे या खेळाचं सुदैव. आणि गळपट्टा: ऑक्टोबर २०२३ मध्ये इंग्लंडात शेफिल्डच्या सामन्यात अ‍ॅडम जॉन्सन गळ्यावर स्केटचं पातं लागून गेला. त्यानंतर एएचएलने मानेचं संरक्षण सक्तीचं केलं. मुलगा "गरम होतं" म्हणून तो पट्टा काढून ठेवत असेल तर ऐकून घेऊ नका.

शेवट कसा होतो तेही विचारलंत. बहुतेकांचा निरोप समारंभ होत नाही. तिशीच्या आसपास एका उन्हाळ्यात एजंटचा फोन येणं बंद होतं, इतकंच. हुशार असतात ते त्याआधी दोन-तीन वर्षं युरोप गाठतात. जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंडमध्ये क्लब घर देतो, गाडी देतो, सामने कमी, प्रवास कमी, पोरं शाळेत जातात. इंग्लंडमध्ये काहीजण खेळता-खेळता विद्यापीठात पदव्युत्तर शिक्षण घेतात. मला हा सौदा फार आवडतो. माझ्या जुन्या पेशंटांपैकी दोघं अग्निशमन दलात आहेत, एक प्लंबर, तिघं घरं विकतात, आणि एकजण स्काउट होऊन गार रिंकमध्ये कॉफी पीत चौदा वर्षांच्या पोरांकडे बघत बसतो. ज्यांच्याकडे काही शिक्षण होतं त्यांना पहिलं वर्ष जड गेलं. ज्यांच्याकडे नव्हतं त्यांना पाच.

धाकटी मुलगीही खेळते असं तुम्ही जाता-जाता लिहिलंय. तिला कमी लेखू नका. बायकांची पीडब्ल्यूएचएल १ जानेवारी २०२४ ला सुरू झाली, ६ संघांनी. २०२५-२६ मध्ये ८ झाले. पहिल्या मोसमात किमान पगार ३५,००० डॉलर होता, म्हणजे फार नाही. पण कॉलेजची शिष्यवृत्ती मिळवायच्या बाबतीत मुलींचं गणित आज मुलांपेक्षा बरं आहे असं माझं मत.

तर अकादमी. माझं उत्तर: या वर्षी नको. आत्ताच ट्रिपल-एचा खर्च फी, प्रवास, हॉटेलं धरून दहा-पंधरा हजार डॉलरच्या घरात जात असेल. चांगली स्टिक तीन-चारशेला येते आणि कडकन मोडते. अकादमीत त्यावर आणखी कितीतरी घालावे लागतील आणि बदल्यात मिळणार जास्त बर्फ, जो त्याच्या खुब्यांना नकोय. ड्राफ्टसाठी स्काउट त्याला त्याच्या संघात बघतातच. त्या पैशातले थोडे एका चांगल्या स्केटिंग प्रशिक्षकावर घाला, आठवड्यातून एकदा, मागे स्केट करताना वळण्यावर. डिफेन्समनचं निम्मं काम तेच. थोडे ताकदीच्या व्यायामावर. उरलेले बँकेत. ओएचएलने निवडलं आणि जागा दिली तर जाऊ द्या. नाही निवडलं तर त्या संध्याकाळी घरात नातेवाईक बोलावून ठेवू नका, बस्स. नवऱ्याला सांगा की गणित आणि इंग्रजीचे मार्क घसरले तर सराव बंद, हा नियम त्यांनी करावा आणि तुम्ही पाळावा. कॉलेजचे प्रशिक्षक गुणपत्रिका मागतात, खोटं नाही सांगत.

आणि एक. तुम्ही लिहिलंय की त्याच्या पावलाच्या वर, बुटाची लेस बांधतो तिथं, दुखतं आणि लाल होतं. बूट केवढ्याचे घेतलेत? आपण शाळेचे बूट घेतो तसे वाढत्या अंगाचे, पुढच्या वर्षीही चालतील असे, घेतले असतील तर दुखणं तिथंच आहे. स्केटचा बूट नेहमीच्या बुटापेक्षा एक-दीड नंबर लहानच असतो. पातळ मोजा घालून उभं राहिल्यावर अंगठा पुढे जेमतेम टेकला पाहिजे, गुडघा वाकवला की सुटला पाहिजे. मोठ्या बुटात टाच उचलली जाते, ती धरून ठेवायला मुलगा लेस करकचून आवळतो आणि ती घोट्यापुढच्या कंडरेवर बसते. आवळणं थांबवा, जिभेखाली मऊ पॅड घाला, आणि शनिवारी दुकानात नेऊन पाय मोजून घ्या. दोन आठवड्यांत कमी झालं नाही तर घेऊन या माझ्याकडे.